डिझेल आणि वीज : एका गाडीची दोन इंजिने

(शिक्षक व पंचायत सदस्यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आजच्या व्याख्यानासाठी मी निवडलेला विषय प्रथमदर्शनी काहीसा तांत्रिक वाटेल. एकाच प्रवासी गाडीला एक डिझेलचे आणि एक विजेचे अशी दोन भिन्न जातींची इंजिने जोडणे, ही गोष्ट रेल्वेच्या अभियंत्यांनी पाहावी, आपणास तिचे काय, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु जुनी व्यवस्था जाऊन नवी येते, तेव्हा मधल्या काळात दोन्हींकडून एकच काम कसे करून घ्यावयाचे, हा प्रश्न केवळ रेल्वेचा नाही. पाणीपुरवठा, शेती, कार्यालयीन कामकाज अशा प्रत्येक क्षेत्रात तो उभा राहतो. रेल्वेने तो आपल्या महाराष्ट्राच्या घाटांत अनेक वर्षे सोडविला आहे. तेथे चूक झाली तर शेकडो प्रवाशांचे प्राण पणास लागतात. म्हणून ते उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे.

जोडीचे तीन प्रकार

आरंभी एक गैरसमज दूर केला पाहिजे. डिझेल इंजिन आणि विजेचे इंजिन ही पूर्णपणे वेगळी यंत्रे आहेत, अशी सर्वसाधारण समजूत असते. आपल्याकडील मुख्य मार्गांवरील डिझेल इंजिनात तेलावर चालणारे यंत्र चाके थेट फिरवीत नाही. ते एक जनित्र फिरवते. त्या जनित्रातून वीज निर्माण होते आणि त्या विजेवर चाकांजवळच्या मोटारी चालतात. म्हणजे डिझेल इंजिन हे स्वतःचे वीजघर पाठीवर घेऊन धावणारे विजेचेच इंजिन होय. विजेच्या इंजिनाचे वीजघर मात्र दूर असते. ते डोक्यावरील तारेतून वीज घेते. एकाजवळ मर्यादित पण स्वतःची शक्ती आहे. दुसऱ्याजवळ मोठी पण उसनी शक्ती आहे. या दोहोंच्या जोडीतील सारे गुणदोष या एका फरकातून निघतात.

ही जोडी तीन प्रकारांनी जमते. पहिल्या प्रकारात दोन्ही इंजिने एकाच वेळी बळ लावतात. दुसऱ्यात एक इंजिन काम करते आणि दुसरे निष्क्रिय स्थितीत गाडीबरोबर ओढले जाते. तिसऱ्यात दोन्ही यंत्रणा एकाच इंजिनात बसविलेल्या असतात. आपल्या घाटांचा संबंध मुख्यतः पहिल्या प्रकाराशी येतो, म्हणून त्याचाच विचार मी विस्ताराने करणार आहे.

सदतिसात एक

भोर घाटातील लोहमार्ग १८६३ साली वाहतुकीस खुला झाला आणि थळ घाटातील, म्हणजे कसारा-इगतपुरीचा मार्ग १८६५ साली. कर्जतनजीकच्या पायथ्यापासून लोणावळ्यापर्यंत सुमारे पंचवीस किलोमीटरांत हा मार्ग साडेपाचशे मीटरांहून अधिक उंची चढतो. त्यातील सर्वांत तीव्र चढण सदतिसात एक, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, अशी आहे. बैलगाडीच्या वाटेवर हा चढ किरकोळ वाटेल. गुळगुळीत रुळावर फिरणाऱ्या गुळगुळीत पोलादी चाकाला मात्र तो फार मोठा असतो.

शिक्षक मित्रांना वर्गात करून दाखविता येईल असे एक गणित येथे मांडतो. प्रत्येकी सुमारे ४५ टनांच्या वीस डब्यांची गाडी ९०० टनांची होते. तिला ओढणारे जुने डिझेल इंजिन सुमारे ११३ टनांचे. एकूण वजन साधारण १,०१३ टन. सदतिसात एक चढावर या वजनाचा सदतिसावा भाग, म्हणजे सुमारे २७ टनांचे बळ गाडीला मागे खेचत असते. घर्षण आणि वळणे यांचा विरोध सुमारे ४ टन धरला, तर गाडी वर नेण्यास ३१ टनांचे बळ हवे. आता इंजिन किती बळ लावू शकते? जुन्या धाटणीच्या इंजिनाची चाके कोरड्या रुळावर त्याच्या वजनाच्या साधारण चौथ्या भागाइतक्या बळापर्यंत पकड धरतात. ११३ टनांचा चौथा भाग २८ टनांच्या आसपास येतो. त्यापुढे चाके जागच्या जागी फिरू लागतात. आषाढातल्या पावसात रूळ ओले झाले की ही पकड आणखी कमी होते.

शक्तीचा हिशेबही असाच निघतो. ३१ टनांचे बळ ताशी ३० किलोमीटर वेगाने लावावयाचे तर चाकांवर सुमारे ३,४०० अश्वशक्ती हवी. वाराणसीच्या कारखान्यात १९६४ पासून तयार होऊ लागलेले आणि पुढे देशभर पसरलेले डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल इंजिन २,६०० अश्वशक्तीचे होते. म्हणजे पकड आणि शक्ती या दोन्ही दृष्टींनी एकट्या इंजिनाच्या आवाक्यातले हे काम नव्हते. दुसऱ्याची मदत ही तेथे सोय नसून गरज होती.

घाटात वीज आली

ही मदत पूर्वी वाफेची इंजिने करीत. १९२५ साली ३ फेब्रुवारीला मुंबईत कुर्ल्यापर्यंत विजेची गाडी धावली. १९२९ मध्ये कल्याण-पुणे आणि १९३० मध्ये कल्याण-इगतपुरी या घाटमार्गांवर वीज आली. त्याच वर्षी १ जूनला दख्खनची राणी सुरू झाली. घाटातील मालगाड्यांसाठी १९२८ पासून आलेली विजेची इंजिने लांब नाकाची आणि मधल्या सांध्यावर वाकणारी होती. आपल्या रेल्वे कामगारांनी त्यांचे नाव ‘खेकडा’ ठेवले. गाडीच्या मागे लागून तिला चढावर ढकलणाऱ्या इंजिनाला रेल्वेच्या भाषेत ‘बँकर’ म्हणतात. कर्जत आणि कसारा ही अशा बँकर इंजिनांची ठाणी बनली.

यानंतरच्या काळात डिझेल आले. पुण्यापर्यंत वीज होती, पण पुण्याहून मिरज-कोल्हापूरकडे किंवा दौंड-सोलापूरकडे दीर्घकाळ तारा नव्हत्या. त्यामुळे एकतर पुण्यास इंजिन बदलावे लागे, किंवा मुंबईहूनच डिझेल इंजिन लावून गाडी सरळ पुढे न्यावी लागे. इंजिन बदलण्यात वेळ जाई, फलाट अडून राही आणि यार्डात जादा माणसे लागत. सरळ डिझेल लावल्याने ही दगदग वाचे.

याला आणखी एक कारण होते. मुंबई विभागातील तारांत १,५०० व्होल्टची एकदिश वीज होती, तर देशाने १९५७ नंतर २५,००० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज स्वीकारली होती. एका प्रकारच्या विजेवरील इंजिन दुसऱ्या प्रकारच्या तारेखाली चालत नसे. दोन्ही चालविणारी खास इंजिने १९७५ पासून आली, पण ती संख्येने मर्यादित होती. डिझेल इंजिनाला मात्र तारेत कोणती वीज आहे, याच्याशी काही कर्तव्य नव्हते.

अशा रीतीने घाटाच्या पायथ्याशी एक वेगळे दृश्य तयार झाले. पुढे डिझेल इंजिन, मध्ये प्रवासी डबे आणि मागे विजेची बँकर इंजिने. ही व्यवस्था कोणी मुद्दाम आदर्श म्हणून आखलेली नव्हती. भूगोलाने आणि विद्युतीकरणाच्या अपुऱ्या टप्प्यांनी ती घडवून आणली. परंतु ती चालविण्याचे जे नियम बसले, त्यांत मोठे शहाणपण आहे.

मागून का ढकलावे?

दुसरे इंजिनही पुढेच का लावीत नाहीत, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतील. त्याची दोन उत्तरे आहेत. सारे बळ पुढून लावले, तर पहिल्या डब्याच्या जोडणीवर संपूर्ण गाडीचा ताण येतो. तेच बळ पुढे आणि मागे वाटून दिले, की जोडणीवरील ताण कमी होतो. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. चढावर एखादी जोडणी तुटलीच, तर मागचा भाग उताराकडे निघण्याचा धोका असतो. मागे इंजिन असले म्हणजे त्या भागाला आधार मिळतो. म्हणजे बँकर हा केवळ मदतनीस नसून रखवालदारही आहे.

पण मागून ढकलण्यातही धोका आहे. पुढचे इंजिन सैल पडले आणि मागचे जोराने ढकलीत राहिले, तर मधले डबे दोन्हींच्या कात्रीत सापडतात. वळणावर हलका डबा रुळावरून उचलला जाण्याची भीती असते. तेव्हा दोन इंजिनांनी बळ लावावयाचे एवढेच पुरेसे नाही; ते योग्य वेळी आणि योग्य प्रमाणात लावले पाहिजे.

एक नायक, एक साहाय्यक

एकाच जातीची दोन इंजिने तारांनी परस्परांस जोडून एका चालकाच्या हातून चालविता येतात. पुढचे डिझेल आणि मागचे विजेचे यांना ही सोय नव्हती. दोहोंत स्वतंत्र चालक असत आणि त्यांच्यामध्ये शेकडो मीटर लांबीची गाडी. त्यांना एकमेकांचे तोंड दिसत नसे. वळणावर आणि बोगद्यात तर इंजिनही दिसत नसे. शिट्टीचे ठरलेले संकेत, पुढे बिनतारी संदेश, मधला गार्ड आणि ब्रेकच्या नळीतील हवेचा दाब दाखविणारा काटा, एवढ्या साधनांवर ते दोघे एक होत.

यातील मुख्य नियम असा की गाडीच्या ब्रेकवर सत्ता एकाचीच, ती पुढच्या चालकाची. मागील इंजिनाचा तो अधिकार बंद ठेवलेला असतो. दोघांनी दोन दिशांनी ब्रेक हाताळले, तर एकाने लावलेला ब्रेक दुसरा नकळत सोडू शकेल. निघताना पुढच्याने संकेत द्यावयाचा, मागच्याने त्याला उत्तर द्यावयाचे आणि मगच बळ लावावयाचे.

मागच्या चालकाचे काम म्हणून दुय्यम ठरत नाही. कोठे जोडणी तुटली वा कोणी साखळी ओढली, तर नळीतील दाब उतरतो आणि सर्व डब्यांचे ब्रेक लागतात. त्या क्षणी मागच्या चालकाने काट्यावरील फरक ओळखून आपले बळ ताबडतोब बंद केले पाहिजे. थांबलेल्या डब्यांवर इंजिन रेटा देत राहिले, तर अपघात ठरलेला. त्याला गाडी चालविण्याचा अधिकार नाही, पण गाडी वाचविण्याची जबाबदारी त्याच्यावर पूर्ण आहे. माथ्यावर पोहोचल्यावर बँकरने गाडी सोडावयाची आणि पुढच्या गाडीसाठी पायथ्याकडे परतावयाचे.

गुणदोषांचा ताळा

या जोडीत दोन्ही इंजिने आपापल्या परीने उपयोगी पडत. डिझेल इंजिनाचे बळ त्याच्या यंत्राच्या अश्वशक्तीने मर्यादित असते. चढावर भार वाढला की वेग घसरतो आणि मंद वेगाने फार वेळ जड भार ओढल्यास मोटारी तापतात. विजेच्या इंजिनाला तारेतून अधिक वीज घेता येते, म्हणून अवघड टप्प्यात ते डिझेलचा भार हलका करी. उलट, तारेतील पुरवठा खंडित झाला तर विजेचे इंजिन तेथेच थांबते. तेव्हा डिझेल आपल्या जागी समर्थ असते.

तोटेही सांगितले पाहिजेत. डिझेलचा धूर बोगद्यात कोंडतो आणि तारांच्या आधारावरील चिनी मातीच्या रोधकांवर काजळी धरतो. तारा असूनही त्यांच्याखाली तेल जाळणे हा खर्चही आहेच. उतारावर फरक अधिक जाणवतो. डिझेल इंजिनाच्या मोटारी ब्रेक म्हणून वापरल्या, तर तयार होणारी वीज उष्णतेच्या रूपाने हवेत जाते. आधुनिक विजेचे इंजिन तीच वीज तारेत परत सोडते. एक गाडी घाट उतरत असताना तिची वीज दुसऱ्या चढणाऱ्या गाडीला उपयोगी पडू शकते.

इतर देशांतील अनुभव

ही अडचण आपल्यापुरतीच होती असे नाही. ब्रिटनमध्ये लंडनहून लीड्स व एडिंबरोकडे जाणाऱ्या पूर्व किनाऱ्याच्या मार्गाचे विद्युतीकरण १९८० नंतरच्या दशकात झाले. नवी विजेची इंजिने आली, पण त्यांच्यासोबतचे नवे डबे वेळेवर तयार झाले नाहीत. तेव्हा जुन्या वेगवान डिझेल गाड्यांपैकी आठ इंजिने बदलून घेतली गेली. गाडीच्या एका टोकाला नवे विजेचे आणि दुसऱ्या टोकाला जुने डिझेल, अशा जोडीने काही काळ प्रवासी गाड्या चालविण्यात आल्या. डिझेल इंजिनाने केवळ दुसऱ्या टोकाकडील चालककक्षाचे काम करावे, असा मूळ बेत होता. पुढे त्याचे बळही वापरले गेले. १९९१ मध्ये एडिंबरोपर्यंत वीज पोहोचली, नवे डबे आले आणि जोडीचे प्रयोजन संपले.

फ्रान्समध्ये दुसरा प्रकार दिसला. नांत शहराच्या पुढे समुद्रकिनाऱ्यावरील ले साब्ल द’ओलोन या गावापर्यंत तारा नव्हत्या. म्हणून या शतकाच्या आरंभीची काही वर्षे विजेवर चालणारी अतिवेगवान गाडी डिझेल इंजिनाने तेथवर ओढत नेली जाई. २००८ मध्ये त्या मार्गाचेही विद्युतीकरण झाले. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात २०१२ पासून तिसरा प्रकार, म्हणजे दोन्ही यंत्रणा एकाच इंजिनात असलेली गाडी धावू लागली. तिघांचा उद्देश एकच : प्रवाशाला मध्येच उतरावे लागू नये.

बदलते चित्र

आपल्याकडील चित्र आता पालटले आहे. कल्याण-पुणे मार्गावर २०१० मध्ये प्रत्यावर्ती वीज आली आणि २०१५ मध्ये मध्य रेल्वेच्या मुंबईतील मुख्य मार्गाचे रूपांतर पूर्ण झाले. कोकण रेल्वेचा संपूर्ण विद्युतीकृत मार्ग जून २०२२ मध्ये राष्ट्राला अर्पण करण्यात आला. देशातील जवळजवळ सर्व ब्रॉडगेज मार्गांवर तारा पोहोचल्या आहेत. बँकरची गरजही काही गाड्यांपुरती संपली. २०१९ मध्ये मुंबईहून नाशिकमार्गे दिल्लीस जाणाऱ्या राजधानी एक्सप्रेसला दोन्ही टोकांस विजेची इंजिने लावून ती एका चालकाच्या हाती देण्यात आली. १० फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झालेल्या मुंबई-शिर्डी आणि मुंबई-सोलापूर या वंदे भारत गाड्या तर अनेक डब्यांखाली मोटारी असल्यामुळे बँकरविना घाट चढतात.

मग डिझेल इंजिने मोडीत काढावीत काय? या प्रश्नाचे उत्तर घाईने देऊ नये, असे माझे मत आहे. ३० आणि ३१ जुलै २०१२ या दिवशी उत्तर भारतातील वीजजाळे कोसळले, तेव्हा शेकडो गाड्या जागच्या जागी थांबल्या आणि डिझेल इंजिनांची मदत घ्यावी लागली. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत कसारा आणि भोर या दोन्ही घाटांत दरडींमुळे वाहतूक बंद पडली होती. दरडीखाली खांब आडवे झाले, तारा तुटल्या, की रूळ मोकळा झाल्यावर तेथे प्रथम पोहोचू शकते ते डिझेल इंजिनच. ते अडकलेली गाडी मागे घेते, दुरुस्तीची सामग्री नेते आणि तारा पुन्हा उभारण्याचे काम शक्य करते. नित्याच्या वाहतुकीस वीजच योग्य. पण घाटाच्या दोन्ही टोकांस चालू स्थितीतील डिझेल इंजिने आणि ती चालविण्याचा सराव असलेली माणसे राखून ठेवणे, हा खर्च नसून विमा आहे. यंत्र शेडमध्ये उभे असले आणि चालविणारा हात विसरला, तर तो विमा कागदावरच राहील.

गावाचे कर्तव्य

शेवटी पंचायत सदस्य आणि शिक्षक यांच्याशी थेट संबंध असलेली गोष्ट सांगतो. ज्या गावांजवळून वर्षानुवर्षे डिझेल गाड्या धावल्या, तेथे आता डोक्यावर २५,००० व्होल्टची तार आहे. डिझेलचा आवाज दुरून ऐकू येई. विजेची गाडी त्या मानाने नि:शब्द आणि वेगाने येते. गाडीचा आवाज ऐकून रूळ ओलांडण्याची जुनी सवय आता घातक आहे. तारेला प्रत्यक्ष स्पर्श झाला नाही तरी जवळ जाणेच प्राणघातक ठरते, म्हणून तिच्यापासून दोन मीटर अंतर राखावे असा दंडक आहे. उभ्या मालडब्यावर चढणारी मुले, फाटकातून जाताना उसाने किंवा कडब्याने उंच रचलेली ट्रॉली, पुलावरून खाली सोडलेली ओली दोरी वा पतंगाचा मांजा यांपासून होणारे अपघात टाळणे रेल्वेपेक्षाही गावाच्या हाती अधिक आहे. पंचायतीने ग्रामसभेत आणि शिक्षकांनी परिपाठात हा विषय वर्षातून दोनदा तरी घ्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

सारांश, घाटातील त्या जोडीने आपणास तीन गोष्टी दाखवून दिल्या. नवी व्यवस्था पूर्ण होईपर्यंत जुनीला कामावर ठेवण्यात कमीपणा नाही. दोघे मिळून काम करावयाचे तर आज्ञा एकाची आणि दक्षता दोघांची, हे आधी ठरले पाहिजे. आणि नवे स्थिरावल्यानंतरही, संकटात उपयोगी पडेल एवढे जुने ज्ञान व साधन जतन केले पाहिजे. ज्या कार्यालयात, शाळेत किंवा पंचायतीत आज जुने दप्तर आणि नवे संगणक शेजारी शेजारी चालत आहेत, तेथेही हे नियम ताडून पाहण्यास हरकत नाही.